उभ्या गाडीचं तेल

आमच्या पाणीखात्यात सगळे त्यांना रीडिंगराव म्हणत. खरं नाव पगारपत्रकात होतं, ते तिथेच राहिलं. घरोघरच्या पाण्याच्या मीटरचं झाकण उघडायचं, वाकून आकडा वाचायचा, टिपायचा आणि पुढच्या दाराशी जायचं, हे काम त्यांनी नोकरीभर केलं. मी त्यांच्याहून बराच लहान, त्याच खात्यातला आणि त्यांच्या मागच्याच गल्लीत राहणारा. नोकरीला लागलो तेव्हा काम शिकायला मला त्यांच्याबरोबरच पाठवलं होतं.

एका घराचा आकडा टिपून झाल्यावर ते चालता चालता म्हणाले, "इथे बाळ झालंय."

पुढच्या घरापाशी म्हणाले, "इथला पोरगा गेला वाटतं शिकायला बाहेर. त्याची आंघोळ मोठी असायची."

मी विचारलं, "त्यांना विचारता की काय तुम्ही?"

"छे. आपलं काम आकडा घ्यायचं. तो काय म्हणतो ते आपल्यापाशी."

माणूस असा. बोलणं बेताचं, चालणं भराभर, आणि कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. घरी वहिनी मात्र दोघांच्या वाटणीचं बोलत. एकच मुलगी. लहानपणी एका जागी बसवली की तासन्तास लाकडी बाहुलीसारखी बसून राहायची, म्हणून तिला ठकी म्हणत. ती शिकून फिजिओथेरपिस्ट झाली तरी घरात ठकीच राहिली.

निवृत्त झाल्यावर रीडिंगरावांनी एक जुनी पेट्रोलची गाडी घेतली. लहानशी, करड्या रंगाची, आधीच्या मालकाने नीट सांभाळलेली. जन्मभर पायी हिंडलेला माणूस, त्यामुळे गाडीचं त्यांना फार कौतुक. पण गाडी चालवण्यापेक्षा तिच्याकडे लक्ष देण्यातच त्यांना जास्त रस. कोपऱ्यावर फोरमनचं गॅरेज होतं. हा फोरमन पूर्वी बसच्या आगारात होता. एकदा ऑइल बदलताना तो सहज म्हणाला, "आगारात आम्ही हे जुनं ऑइल बाटलीत भरून लॅबमध्ये पाठवायचो. इंजिन न उघडता आतलं सगळं कळतं."

झालं. रीडिंगरावांना हेच हवं होतं. त्यांनी लॅबचा पत्ता काढला, बाटली मागवली, आणि इंजिन गरम असताना, ऑइल निम्मं वाहून गेल्यावर मधल्या धारेतलं भरून घेतलं. पहिली आणि शेवटची धार घ्यायची नाही, गाळ येतो, हे त्यांनी फोरमनलाच सांगितलं.

आठवडाभरात रिपोर्ट आला. तो घेऊन ते आमच्याकडे आले. लोक नातवंडांचे मार्क दाखवतात, हे ऑइलचे दाखवत होते.

"हे बघ, लोखंड. म्हणजे इंजिनच्या आतल्या भिंती किती झिजल्या. हे तांबं आणि शिसं, बेअरिंगचं. ही सिलिका, म्हणजे धूळ. एअर फिल्टर गळका असेल तर ही वाढते. हे सोडियम. रेडिएटरचं पाणी आत झिरपलं की हे दिसतं. आणि हे खाली, ऑइलमध्ये पेट्रोल किती मिसळलं ते, आणि ऑइलचा दाटपणा."

"मग? पास की नापास?"

"एका आकड्यावरून काही म्हणता येत नाही. तीन-चार रिपोर्ट एकाखाली एक ठेवायचे आणि कुठला आकडा चढतोय ते बघायचं. नुसता जास्त असणं वाईट नाही. चढणं वाईट."

पुढचे दोन्ही रिपोर्ट चांगले आले. तेवढ्यात ठकीचं लग्न झालं. जावई एका कागदाच्या कारखान्यात इंजिनीअर. कारखाना लांब डोंगरात, थंड हवेच्या गावी. ठकीलाही तिथल्या हाडांच्या दवाखान्यात काम मिळालं. दवाखाना घरापासून वीसेक मिनिटांच्या रस्त्यावर, आणि बस दिवसातून दोनदा. रीडिंगरावांनी किल्ली तिच्या हातात ठेवली.

"बाबा, तुम्ही काय करणार?"

"मी काय, चालणार. एकच कर. सहा महिन्यांनी ऑइल बदलशील तेव्हा बाटली भरून लॅबला पाठव. रिपोर्ट मला येईल."

ठकी हसली. "म्हणजे सासरी जाणार मी आणि माहेरचं लक्ष गाडीवर."

पहिलं दीड वर्ष सगळं सुरळीत गेलं. रिपोर्ट येत, रीडिंगराव ते वाचून वहिनींना सांगत, "गाडी ठीक आहे." वहिनी म्हणत, "पोरगी कशी आहे ते विचारा कधी." मग ते फोन लावून वहिनींच्या हातात देत.

मग तो कारखाना बंद पडला. एका सोमवारी कामगार गेले तर फाटकाला कुलूप. लवकरच उघडणार असं सगळे म्हणत होते. हळूहळू एकेक जण सामान बांधून गेला, पण जावई थांबला. कंपनीने आपल्याला बोलावल्यावर आपण इथे असलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. घर ठकीच्या पगारावर चालत होतं. फोनवर ती म्हणायची, "सगळं ठीक आहे. तो शोधतोय. मिळेल."

त्यानंतरच्या रिपोर्टमध्ये ऑइलमधलं पेट्रोल थोडं वाढलेलं होतं. लॅबने शेरा मारला होता, लक्ष ठेवा. त्याच्या पुढच्या रिपोर्टमध्ये ते दुप्पट झालं, ऑइल पातळ झालं आणि लोखंडही वर गेलं. रीडिंगराव कागद घेऊन फोरमनकडे गेले. मीही होतो.

फोरमनने कागद नाकाशी धरला. "इंजेक्टर गळतोय. पेट्रोल थेंब थेंब आत पडतं, भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ झालं की झीज आलीच. इंजेक्टर बदला, नाहीतर इंजिन बसेल."

रीडिंगरावांचा चेहरा खुलला. दुखणं नाव घेऊन समोर आलं की माणसाला बरं वाटतं. त्यांनी ठकीला फोन केला, तिच्या गावच्या गॅरेजवाल्याचा नंबर घेतला आणि त्याच्याशी स्वतः बोलले. त्याने नवे इंजेक्टर बसवले. इंजिन नीट तापत नसेल तरी पेट्रोल मिसळतं, म्हणून थर्मोस्टॅटही बदलला. ठकी म्हणाली, "बाबा, गाडी छान चालते. उगाच खर्च करताय."

"चालते छान. आतून बरी नाही."

त्यावर ती एवढंच म्हणाली, "बरं."

सहा महिन्यांनी रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी मला हाक मारून घरी बोलावलं. टेबलावर सगळे रिपोर्ट एकाखाली एक लावून ठेवले होते. पेट्रोल आणखी वर गेलं होतं, लोखंडही.

"इंजेक्टर नवे, थर्मोस्टॅट नवा," ते म्हणाले. "धूळ नाही. रेडिएटरचं पाणी नाही. मग हे पेट्रोल येतं कुठून?"

लॅबमध्ये फोन लावला. तिथल्या बाई शांतपणे बोलणाऱ्या होत्या. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं.

"गाडी फार लहान फेऱ्या मारते का? पाच मिनिटांच्या वगैरे?"

"नाही. वीस मिनिटं जायला, वीस मिनिटं यायला."

"मग तेवढ्यात इंजिन तापायला हवं. भाड्याची गाडी आहे का ही?"

"नाही हो, मुलीची आहे. का?"

"असे रिपोर्ट आम्हाला टॅक्सींचे येतात. किंवा पोलिसांच्या गाड्यांचे. इंजिन चालू ठेवून गाडी उभी असते. जागेवर नुसतं फिरत राहून इंजिन पुरेसं तापत नाही, पेट्रोल अर्धवट जळतं आणि ऑइलमध्ये उतरतं. किलोमीटर वाढत नाहीत, झीज मात्र होत राहते. अर्थात ऑइलवरून मी खात्रीने सांगू शकत नाही. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये इंजिन किती तास चाललं ते असतं. तेवढं बघून घ्या."

रीडिंगरावांनी तिकडच्या गॅरेजवाल्याला फोन केला. इंजेक्टर बदलताना त्याने मशीन लावलं होतं, तेव्हाचा तासांचा आकडा त्याच्याकडे होता. परवा ऑइल बदलतानाचाही होता. रीडिंगरावांनी दोन्ही घेतले, एकातून दुसरा वजा केला, आणि मधल्या किलोमीटरना त्या तासांनी भागलं.

"ताशी आठ," ते म्हणाले.

मी हसलो. "सायकल बरी की त्यापेक्षा."

ते हसले नाहीत. त्यांनी भागाकार पुन्हा केला. मग दवाखान्याच्या येण्याजाण्याचे तास वेगळे काढले. उरलेले तास त्या सहा महिन्यांच्या दिवसांवर वाटले आणि पेन खाली ठेवलं.

"रोज दीड तास," ते म्हणाले. "दीड तास ती गाडी कुठेतरी चालू ठेवून उभी असते."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "काय झालं? आकडे वाईट आलेत?"

"आकडे बरोबर आहेत," रीडिंगराव म्हणाले.

त्या घरात मग दोन-तीन आठवडे काही धड झालं नाही. वहिनींनी फोन करून आडून आडून विचारलं. ठकी म्हणाली, इथे थंडी फार, सकाळी गाडी गरम करावी लागते. रीडिंगराव बाजूला बसून मान हलवत होते. गाडी गरम करायला दहा मिनिटं पुष्कळ झाली. वहिनींनी मग जावयाशी बोलून पाहिलं. तो अगदी गोड बोलला, त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली, ठकी फार दमते म्हणाला. वहिनी फोन ठेवून म्हणाल्या, "अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य. कुणाला काय विचारायचं?"

"तो मारत बिरत नसेल ना?" त्यांनी एकदा हळूच विचारलं.

"तसा नाही तो," रीडिंगराव म्हणाले. पण त्या रात्री त्यांनी जेवणाचं ताट तसंच सारलं, हे वहिनींनी दुसऱ्या दिवशी माझ्या बायकोला सांगितलं.

शेवटी त्यांनी जायचं ठरवलं. गाडी एकदा डोळ्यांनी बघतो, असं जावयाला कळवलं. वहिनींना गुडघ्यांमुळे घाटाचा प्रवास झेपण्यासारखा नव्हता. ते एकटेच बसने गेले. पुढचं सगळं त्यांनी मला परत आल्यावर सांगितलं, तेही एका बैठकीत नाही.

दुपारी पोचले तेव्हा जावई बसस्टॉपवर घ्यायला आला होता. दाढी केलेली, कपडे इस्त्रीचे. त्याने पिशवी हातातून ओढून घेतली, वाटेत दोनदा विचारलं, "फार दम लागला नाही ना बाबा?" घर तिसऱ्या मजल्यावर. आत सगळं जागच्या जागी, भांडी घासून पालथी घातलेली, फरशी आरशासारखी. फक्त पडदे ओढलेले होते. जावयाने चहा केला, तो चांगला झाला होता. मग तो समोर बसला आणि बोलायला लागला. कारखान्याचं कसं कुठे अडलंय, कुणी काय म्हणालं, कुणाला त्याने मेल पाठवली आणि उत्तर आलं नाही, उत्तर का आलं नसेल. बोलता बोलता मध्येच थांबायचा आणि रीडिंगरावांच्या तोंडाकडे बघायचा. ते "हं" म्हणाले की पुढे सुरू.

संध्याकाळी रीडिंगराव खिडकीशी गेले आणि त्यांनी पडदा जरासा सरकवला. खाली इमारतीमागच्या अरुंद रस्त्यावर गाड्या ओळीने लावलेल्या होत्या. थोड्या वेळाने करडी गाडी आली, शेवटच्या जागेत शिरली, दिवे मालवले गेले. दार मात्र उघडलं नाही. सायलेन्सरमधून पांढरी वाफ येत राहिली.

मागून जावई म्हणाला, "येईल एवढ्यात. आज पेशंट जास्त असतील." तो ताटं पुसून टेबलावर ठेवत होता. खिडकीकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. त्याला माहीत होतं की नव्हतं, हे रीडिंगरावांना आजवर कळलेलं नाही.

त्यांनी शाल घेतली. "जरा पाय मोकळे करून येतो."

खाली जाऊन त्यांनी गाडीच्या काचेवर बोटाने टकटक केलं. ठकी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसली होती. ती दचकली नाही. तिने हात लांब करून पलीकडचं दार उघडलं. ते आत बसले. हीटर चालू होता, काचा धुरकटल्या होत्या.

"बाबा, वर का नाही थांबलात? थंडी आहे."

"रोज बसतेस?"

तिने बाहीने समोरची काच पुसली.

"ऑइलमध्ये दिसतं ते," ते म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली, मग हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. "आईला वाटायचं मी फोनवर काही बोलून जाईन. तुम्ही ऑइलमधून काढलंत."

"काय करतो तो तुला?"

"काही नाही करत. तेच तर. चांगला आहे तो, बाबा. स्वयंपाक करतो, कपडे धुतो, माझे बूटसुद्धा पुसून ठेवतो. मी दारात पाऊल टाकलं की विचारतो, मी तुला ओझं झालोय ना? रोज. मी नाही म्हणते. मग जेवताना पुन्हा विचारतो. झोपताना विचारतो. नाही म्हणायला जरा उशीर झाला की त्याचा चेहरा असा होतो..." ती थांबली. "दिवसभर पेशंटना म्हणत असते, होईल, बरं होईल, अजून एकदा उचला हात. इथे येईपर्यंत माझ्यात काही उरत नाही. तेवढं एक नाही म्हणण्याइतका जीव गोळा करायला मला इथे बसावं लागतं. कधी लवकर होतो. कधी नाही होत."

रीडिंगराव म्हणाले, "घरी चल."

"आणि तो?"

"त्यालाही घेऊन चल."

"तो येत नाही. विचारलंय मी. इथून हललो तर कारखान्याचं गेलंच म्हणून समज, म्हणतो."

"डॉक्टर?"

"दाखवलं. गोळ्या घेत होता. तेव्हा बरा होता, मग म्हणाला गोळ्यांनी झोप येते, कारखान्यातून फोन आला तर. बंद केल्या."

"दुसरं काही काम..."

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही जे जे म्हणाल ना, ते सगळं मी इथे बसून आधी म्हणून झालंय."

इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये आपली पोर हात स्टिअरिंगवर ठेवून बसलेली. नोकरीत एखाद्या घराचा आकडा अचानक दुप्पट झालेला दिसला की ते दार वाजवून सांगायचे, कुठेतरी गळतंय, प्लंबर बोलवा. इथे कुणाला बोलवायचं? त्यांना वाटलं निदान इंजिन तरी बंद करावं, तेवढंच गाडीचं भलं. हात किल्लीकडे गेलाही. पण हीटर बंद पडला असता, म्हणून त्यांनी तो मागे घेतला.

किती वेळ बसले ते त्यांना सांगता आलं नाही. मग ठकी म्हणाली, "चला. आज लवकर झालं."

दोघं बरोबर वर गेले. जावयाने दार उघडलं, तिच्या हातातली पिशवी घेतली. सासऱ्यांसमोर त्याने तिला काही विचारलं नाही. जेवण चांगलं झालं, तो वाढताना आग्रह करत होता. ठकी हात धुवायला आत गेली तेव्हा त्याने खुर्ची रीडिंगरावांच्या जवळ ओढली.

"बाबा, एक विचारू? खरं सांगा. मी तुमच्या मुलीला ओझं झालोय का हो?"

रीडिंगराव मला म्हणाले, "त्याचे डोळे बघितले मी. कुत्र्याचं पिल्लू पावसात उभं असतं तसे. मी नाही म्हटलं. अरे, एवढासा शब्द. तो काढताना मला वाटलं, छातीत काहीतरी उचलावं लागलं. आणि ती रोज तीनदा काढते."

तो हायसं वाटून हसला आणि म्हणाला, "तुम्ही म्हणालात म्हणजे खरं."

दुसऱ्या दिवशी ते गॅरेजवाल्याकडे गेले. त्याला म्हणाले, "या गाडीचं ऑइल यापुढे तीन महिन्यांनी बदलायचं. किलोमीटर बघायचे नाहीत."

"कशाला साहेब? दोन हजारसुद्धा होत नाहीत."

"ती उभ्यानेच जास्त चालते."

गॅरेजवाल्याने खांदे उडवले आणि लिहून घेतलं. तेवढंच काम करून ते परतीच्या बसमध्ये बसले. ठकी सोडायला आली होती. बस सुटताना ती खिडकीखालून म्हणाली, "आईला सांगा, ठीक आहे म्हणून." त्यांनी मान डोलावली.

पण वहिनींना त्यांनी सगळं सांगितलं. वहिनी त्यांच्यावर भडकल्या. "आणि तुम्ही तशीच सोडून आलात तिला? हाताला धरून आणायचं नाही?"

"तिचा हात तिच्याच हातात नाही," ते म्हणाले. वहिनी पदर तोंडाला लावून आत गेल्या. नंतर त्यांनी स्वतः फोनवर ठकीला पुष्कळ समजावलं, रडल्या, रागावल्या, गुडघ्यांना पट्टे बांधून एकदा जाऊनही आल्या. परत आल्यावर त्या मला एवढंच म्हणाल्या, "भावजी, शिव्या द्याव्यात असा माणूस तरी हवा होता हो."

तीन महिन्यांनी पुढचा रिपोर्ट आला. फोरमनने तो बघितला आणि रीडिंगरावांच्या पाठीवर थाप मारली. "बघा. पेट्रोल खाली, लोखंड खाली, दाटपणा जागेवर. सुधारलं की नाही?"

"हो," रीडिंगराव म्हणाले.

घरी येताना वाटेत त्यांनी रिपोर्टची घडी करून खिशात घातली. मग म्हणाले, "ऑइल नवं होतं म्हणून आकडे चांगले आले. तीन महिन्यांत मिसळून मिसळून किती मिसळणार? ती तितकीच बसत असेल. जास्तही बसत असेल. मला आता दिसत नाही."

"मग पुन्हा सहा महिन्यांवर न्या."

"आणि इंजिन?" ते म्हणाले. "त्या पातळ ऑइलवर घाटात कुठे बंद पडलं तर?"

तेही खरं होतं. तेव्हापासून चांगले रिपोर्ट येत राहिले आणि ते वाचून बाजूला ठेवत राहिले. तासांचा आकडा तेवढा गॅरेजवाल्याला विचारावा, असं मी सुचवलं. त्यांनी एकदा फोन लावलाही होता, पण तो उचलल्यावर हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवून दिला. मला म्हणाले, "कळून काय करू? मागच्या वेळी कळलं तेव्हा काय केलं?"

कारखाना उघडला नाही. दीडेक वर्षाने त्याची यंत्रं भंगारात निघाली तेव्हा जावयाच्या मनाने कुठे ते घेतलं. एका सपाटीवरच्या मोठ्या गावात त्याला गोदामावर नोकरी लागली. इंजिनीअरची नव्हे, पण नोकरी. ठकीलाही तिथे दवाखाना मिळाला. तिथे गाडी लावायला जागा नव्हती, म्हणून निघताना त्यांनी गाडी गॅरेजवाल्यालाच विकून टाकली. ठकीने विचारलं होतं, "बाबा, तुम्हाला परत हवी का?" ते नको म्हणाले.

आता ती दर रविवारी फोन करते. परवा मी बसलो होतो तेव्हाच आला. वहिनी वाटाणे सोलत होत्या, त्यांनी खुणेने फोन रीडिंगरावांना घ्यायला सांगितलं.

"कशी आहेस?"

"मस्त, बाबा. तोही बरा आहे. नव्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत."

"विचारतो का अजून?"

"कमी झालंय."

"कामावर कशी जातेस?"

"बसने. स्टॉप घराजवळच आहे."

"उतरलीस की सरळ घरी जातेस ना?"

पलीकडे रस्त्याचा आवाज येत होता. कुणीतरी हॉर्न वाजवला. मग ती म्हणाली, "हो."

त्यांनी फोन टेबलावर ठेवला. वहिनींनी मान वर करून पाहिलं.

"सरळ घरी जाते म्हणते," त्यांनी सांगितलं.

वहिनी म्हणाल्या, "म्हणते ना? मग झालं." आणि पुढची शेंग हातात घेतली.